कोपेयानचा डावा तळपाय

मारीनुस कोपेयानच्या डाव्या तळपायाला नऊ वर्षे खाज येत होती, आणि या नऊ वर्षांत त्याला एकही शहाणा माणूस भेटला नव्हता.

खाजेची जागा ठरलेली होती. तळव्याच्या खोलगट भागात, टाचेपासून सात सेंटिमीटर पुढे, अडीच गिल्डरच्या नाण्याएवढी. त्याने पोलादी पट्टी लावून मोजली होती. वर ना पुरळ, ना लाली, ना सोललेली कातडी. वेळही ठरलेली. माणूस निवांत बसला, पायाला ऊब मिळाली, की साधारण विसाव्या मिनिटाला ती सुरू होई. आधी एखादी मुंगी चालल्यासारखी, मग मुंगीने तिथे बिऱ्हाड थाटल्यासारखी, आणि अर्ध्या तासाने अशी, की समोर कोणी मेले तरी माणूस आधी पाय खाजवेल.

नॉर्डहुक गावच्या डॉक्टरने पाय हातातसुद्धा घेतला नाही. खुर्चीतूनच मान वाकडी करून पाहिला.

"काही दिसत नाही, कोपेयान."

"दिसत नाही हे मलाही दिसतंय."

"दोन आठवडे वाट बघू."

वाट बघणे हे या डॉक्टरचे मुख्य औषध होते. त्याच्या हातून कोणी बरे झाले असेल तर ते कंटाळून. शेवटी त्याने मारीनुसला शहरातल्या त्वचेच्या तज्ज्ञाकडे धाडले. तिथे एका पोराएवढ्या माणसाने कातडी खरवडून काचेखाली धरली आणि बुरशी नाही असे सांगितले. मग मज्जातंतूंच्या तज्ज्ञाने सुया टोचल्या. दोघांनी मिळून पत्र पाठवले, की पाय सर्वार्थाने निरोगी आहे. मारीनुसने ते पत्र घडी करून डाव्या बुटात घालून पाहिले. त्यानेही फरक पडला नाही.

मग गावाची पाळी. बेकरीवाल्याच्या विधवेने व्हिनेगर सांगितले. दूधवाल्याने कच्च्या बटाट्याची चकती बांधायला सांगितली. पाळकाच्या बायकोने प्रार्थना सांगितली, आणि जोडीला टाल्कम पावडर. मारीनुस प्रत्येकाचे शेवटपर्यंत ऐकून घेई. विधवेचे गुडघे गेलेले, दूधवाल्याला दम लागायचा, आणि पाळकीणबाईंची प्रार्थना स्वतःच्या अर्धशिशीलाही लागू पडत नव्हती. अशी ही मोडकी माणसे त्याच्या पायाची दुरुस्ती करायला निघाली होती.

सर्वांवर कडी म्हणजे थोरली बहीण. पीटरनेल एकसष्ट वर्षांची, तो अठ्ठावन्नचा, दोघेही बिनलग्नाचे, आईबापांच्या घरात एका टेबलाशी समोरासमोर जेवणारे. तिचे निदान पहिल्याच दिवशी झाले होते.

"डोक्यात आहे ते तुझ्या."

"डोकं वर आहे, नेल. खाज खाली आहे."

"कामाला लागलास की खाजते का? नाही ना? मग."

कामावर खाजत नसे हे खरे होते. कोपेयान पाणी मंडळाच्या पंपघरात यंत्रचालक होता. समुद्राच्या पातळीखालच्या शेतांतले पाणी उपसून बंधाऱ्यापलीकडे फेकणे हे तिथले काम. पाय शिवशिवला की तो बूट काढून जमिनीतल्या लोखंडी झाकणावर तळवा टेकवी. झाकण बाराही महिने गार. तेवढ्याने भागे. सोमवार ते शनिवार मारीनुस बरा माणूस होता. खरा प्रश्न रविवारचा होता.

रविवारी तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. चौतीस वर्षे. त्याआधी बाप वाजवायचा. ऑर्गन मागच्या माडीवर, मंडळीच्या पाठीशी. तिथून खालचे दिसावे म्हणून चौकटीला एक छोटा आरसा लावलेला. त्यात पाळकाचे डोके दिसे आणि सव्वातीनशे माणसांच्या टोप्या आणि टकले. एवढी माणसे पाठमोरी पाहायची सवय लागली की तोंडासमोरही त्यांच्याबद्दल आदर वाटत नाही. त्यातून ही माणसे गायची कशी, तर प्रत्येक अक्षर सारख्याच लांबीचे ओढत, दर ओळीला थांबून दम घेत. एक कडवे संपेपर्यंत बटाटे शिजावेत. ऑर्गनचे खालचे सूर पायांनी वाजवतात, आणि त्या सुरांत मारीनुसला चपळ चाल धरता येत असे, बापापेक्षाही चपळ. तो त्यांना पुढे ओढू पाही. ती ओढली जात नसत. वर्षातून दोनदा चर्चचे पंच त्याला बोलावून सांगत, "कोपेयान, तुम्ही फार घाई करता."

तो पायात नुसते मोजे घालून वाजवी. पायाखालच्या लाकडी पट्ट्या तळव्याला कळाव्या लागतात. बूट घातलेल्या वादकाला तो पाय नव्हे, खूर म्हणे.

आता इथे यंत्राचे थोडे समजून घ्यावे लागेल. ऑर्गनच्या नळ्यांना वारा देणारा विजेचा भाता असतो, आणि कोणत्या नळ्या बोलाव्यात हे बाजूच्या खुंट्या ओढून ठरवतात. या ऑर्गनच्या खुंट्या हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ओढताना फटाक्यासारख्या वाजत. एकसष्ट साली ऐन प्रवचनात अशी एक खुंटी वाजली आणि पुढच्या बाकावरची एक बाई जागी झाली. तिने तक्रार केली. पंचांनी ठराव केला: शेवटच्या स्तोत्राच्या खुंट्या प्रवचनाआधीच ओढून ठेवाव्यात, भाता चालू ठेवावा, आणि 'आमेन' होईपर्यंत माडीवरून कोणताही आवाज होऊ नये. ठराव करणारे सगळे मेले, ठराव जिवंत राहिला. त्यामुळे प्रवचनाची पन्नास मिनिटे मारीनुस वाऱ्याने भरलेल्या, खुंट्या ओढलेल्या ऑर्गनवर बसून असे. खाली माणसे पेपरमिंटचे डबे एकमेकांकडे सरकवत, आणि बरोबर विसाव्या मिनिटाला मुंगी चालू लागे.

त्यावर त्याने उपाय शोधला होता, आणि तो त्याच्या आयुष्यातला सर्वांत हुशार शोध होता. पायपट्ट्या मागच्या टोकाला, वादकाच्या बाकाखाली, बिजागरीला बसवलेल्या असतात. पुढे दाबले तर सूर निघतो. अगदी मागे, बिजागरीजवळ, कितीही दाबा, पट्टी हलत नाही. तो पाय बाकाखाली ओढून घेई आणि तळव्याची ती जागा पट्टीच्या कडेवर घाशी. कड बोथट पण नेमकी. नऊ वर्षांत एकदाही आवाज झाला नव्हता.

त्र्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात पीटरनेलने त्याच्यासाठी मोजे विणले. मेंढीच्या लोकरीचे, राखाडी, बोटभर जाड.

"पातळ मोज्यांनीच होतं सगळं," ती म्हणाली.

"हे मोजे आहेत की घोंगडी?"

"घाल गुपचूप."

"वाजवताना नाही घालणार."

रविवारी सकाळी पाहतो तर त्याचे सगळे पातळ मोजे तिने शनिवारीच भिजत घातलेले. शब्बाथाला, म्हणजे देवाने नेमलेल्या विश्रांतीच्या दिवशी, ती कपडे पिळणार नव्हती आणि त्यालाही पिळू देणार नव्हती. तो घोंगडीत पाय घालून गेला.

पाळक नवा होता. एकतीस वर्षांचा, पडक्या खांद्यांचा, पण मोठमोठे विराम घ्यायला शिकून आलेला. विषय होता रस्त्याकडेच्या आंधळ्या भिकाऱ्याचा. तिसऱ्या मुद्द्यापाशी त्याने दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि विचारले, "आणि तुला? तुला कधी कोणी बोलावलंय?" मग तो थांबला. मनात आठ अंक मोजत असावा.

पाचव्या अंकाला मारीनुसचा पाय सटकला. जाड लोकरीतून कड लागतच नव्हती. त्याने अधिक जोर लावला, लोकर गुळगुळीत लाकडावरून पुढे घसरली आणि सबंध पायाचा भार सर्वांत खालच्या सुराच्या पट्टीवर पडला. त्या सुराची नळी पावणेपाच मीटर लांब. तिचा आवाज कानाला कमी आणि बाकाला जास्त कळतो. दोन सेकंद सगळे चर्च पोटातून गुरगुरले. मारीनुसने पाय झटकन उचलला.

त्याने आरशात पाहिले. एकही डोके वळले नव्हते. या लोकांच्या बुडाखाली भूकंप झाला तरी ते आधी शेजारी वळतोय का ते पाहतील. फक्त डावीकडच्या तिसऱ्या रांगेतली एक काळी टोपी सावकाश वर उचलली गेली होती. ती पीटरनेलची होती.

घरी आल्यावर तो बोलणी खायच्या तयारीने बसला. शनिवारीच करून ठेवलेले मांसाच्या गोळ्यांचे सूप तिने गरम केले, वाढले, आणि चमचा हातात धरून बसून राहिली.

"रिनुस."

"मोजे तुझेच होते," तो म्हणाला.

"कसले मोजे? ऐक. मला आज बोलावणं आलं."

त्याने सुपातला एक गोळा तोंडात घातला.

या चर्चमध्ये वर्षातून चार वेळा प्रभुभोजनाचे टेबल मांडतात. सव्वातीनशे माणसांपैकी उठून त्या टेबलाशी बसतात सव्वीस. बाकीचे आपण पात्र नाही असे समजून जागेवरच राहतात. बोलावणे यावे लागते, आतून, खूण पटावी लागते. ती आल्याशिवाय जो त्या भाकरीला हात लावील तो स्वतःची शिक्षाच खाईल अशी समजूत. पीटरनेल चाळीस वर्षे खुणेची वाट पाहत होती. वर्षाला चार म्हणजे एकशेसाठ वेळा तिने हात मांडीवर ठेवून दुसऱ्यांना उठून जाताना पाहिले होते. मारीनुसही कधी गेला नव्हता, पण त्याला कोणी विचारत नसे. कोणीतरी ऑर्गन वाजवायला हवाच.

"त्यांनी विचारलं ना, तुला कोणी बोलावलंय का," ती म्हणाली. "आणि माझ्या खालचा बाक थरथरला. इथपर्यंत." तिने छातीवर हात ठेवला. "आवाज नव्हता, रिनुस. आवाजाच्या खालचं काहीतरी होतं."

मारीनुसच्या तोंडात गोळा होता. त्याने तो सावकाश चावला. नऊ वर्षे 'डोक्यात आहे तुझ्या' ऐकून घेतलेल्या माणसाच्या हाती देवाने असे काही द्यावे, हा खरा चमत्कार होता. एक वाक्य पुरे होते. तुझा देव म्हणजे माझा तळपाय आणि तुझीच लोकर. वाक्य जिभेवर तयार होते. पण इतके चांगले वाक्य एकट्या बहिणीसमोर, सुपाच्या वाडग्यावर वाया घालवायला त्याचे मन होईना. टेबलाशी जायचे तर आधी पंच घरी येऊन चौकशी करतात. तो म्हणाला, "मग पंचांना बोलाव."

पंच गुरुवारी संध्याकाळी आले. दोघे, काळ्या कोटात. मेलिस नावाचा एक होता, तो कोणी बोलले की मान हलवी आणि कोणी गप्प बसले तरी हलवी. दुसरा यॉब्से, बी-बियाण्यांचा व्यापारी. शेतकऱ्याचे बटाटे जसे उलटसुलट करून बघायचा तसेच माणसाचे मन बघायचा, भाव पाडण्यासाठी. पीटरनेलने कॉफी दिली, बिस्किटांचा डबा उघडला, प्रत्येकाला एकेक बिस्कीट देऊन झाकण लावले, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. मारीनुस खिडकीपाशी बसला. तो मजेत होता.

तिने सांगितले. रविवारी दोन वाक्यांत सांगितले होते तेच आता चाचरत, घाम पुसत, दहा मिनिटे सांगितले.

यॉब्सेने बिस्किटाचा तुकडा मोडला. "बाक थरथरला."

"हो."

"पीटरनेल, त्या बाकाखालून गरम पाण्याची नळी जाते."

"नळी चाळीस वर्षं जातेय. मला ठाऊक आहे नळी काय करते ते."

"तुमचं वय काय आता? एकसष्ट? या वयात बायकांना काय काय जाणवतं. माझ्या मेव्हणीला भिंतीतून पियानो ऐकू येतो."

मेलिसने मान हलवली.

"पियानो नव्हता," पीटरनेल म्हणाली. तिची नजर बिस्किटाच्या डब्यावर होती. "मला शब्दात नाही सांगता येत."

"सांगता येत नाही," यॉब्से म्हणाला, "आणि टेबलाशी बसायचंय. माझी आई सत्तर वर्षं वाट बघून गेली. ती काय कमी होती? आणि तुम्हाला म्हणे बाकातून आलं!" आणि तो हसला. ज्याचा माल आपण घेणार नाही हे आधीच ठरलेले आहे, त्याच्यासमोर हसतात तसे.

मारीनुसची मजा इथे कमी झाली. त्याला आपल्या बहिणीची पैइतकी किंमत नव्हती, पण तिला तुच्छ मानायचा हक्क ही त्याची कमाई होती. अठ्ठावन्न वर्षे तिच्यासमोर बसून, तिची पाणचट कॉफी पिऊन, तिचे मोजे घालून त्याने तो हक्क मिळवला होता. हा बियाणेवाला कोण? बाहेरून येऊन, तिचेच बिस्कीट खाऊन फुकटात तिला तुच्छ मानणारा? तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. आईच्या मानेवर उठायचे तसेच.

"आता खरं विचारतो," यॉब्से खुर्चीत वळला. "मी पंचांच्या बाकावर होतो, बरोबर माडीखाली. मलाही गुरगुर जाणवली. मेलिसलाही. कोपेयान, तुम्ही ऑर्गनपाशी होता. वाजला का ऑर्गन? वाजला असेल तर विषय संपला."

 पीटरनेलने अजूनही मारीनुसकडे पाहिले नव्हते. ती डब्याच्या झाकणावरचे पवनचक्कीचे चित्र पाहत होती. चाळीस वर्षे पाहत असल्यासारखी.

वाक्य जिभेवर तसेच होते. अजूनही तितकेच चांगले.

"कसा वाजेल?" मारीनुस म्हणाला. "प्रवचनात हात मांडीवर असतात माझे."

"आणि पाय?"

"पाय तर निरोगी आहेत. दोन तज्ज्ञांचं पत्र आहे. आणू?"

"मी पत्र विचारत नाही. ऑर्गन गप्प होता, हा तुमचा शब्द आहे?"

मारीनुस कोपेयान चौतीस वर्षांत कोणाशी गोड बोलला नव्हता, पण खोटेही बोलला नव्हता. खोटे बोलण्याइतके कोणी त्याला महत्त्वाचे वाटलेच नव्हते.

"माझा शब्द," तो म्हणाला. "आणि यॉब्से, सत्तर वर्षं तुमच्याच घरात काढल्यावर आईला काहीच ऐकू आलं नसेल, तर त्यात नवल काय?"

यॉब्सेने कप खाली ठेवला. मेलिसने सवयीने मान हलवली आणि मग ती थांबवायची धडपड केली. पंच उठले. शब्द दिला गेला होता, आणि कोपेयानचा शब्द खोटा असतो असे म्हणायला यॉब्सेजवळ काही नव्हते. दारात कोट घालताना तो एवढेच म्हणाला, "अडवणार नाही. पुन्हा जर ती गुरगुर आली, तर मात्र आम्ही दोघं माडीवर येऊन पाहू."

दार लागले. पीटरनेलने कप गोळा केले.

"त्यांच्या आईबद्दल बोलायची काय गरज होती?" ती म्हणाली. "तोंड आहे की गटार."

ती आत गेली आणि मारीनुसला आपण काय करून बसलो ते कळले. टेबल येत्या रविवारीच होते. त्या दिवशी, किंवा नंतर कुठल्याही रविवारी, तो सूर एकदा जरी निसटला तरी यॉब्सेला दोन आणि दोन चार करता आले असते. मग तिला सव्वातीनशे लोकांदेखत टेबलावरून उठवले असते. भाता बंद करता येणार नव्हता, खुंट्या आत ढकलता येणार नव्हत्या. ठराव होता, आणि ठराव मोडला की माडीवर डोळे वळणार. बिजागरीजवळ घासण्यावर त्याचा आता विश्वास उरला नव्हता. एकच गोष्ट करता येण्यासारखी होती, आणि ती त्याला किळसवाणी वाटत होती.

त्या रविवारी तो पंपघरातले बूट घालून माडीवर गेला. जाड रबरी तळ, घोट्यापर्यंत नाड्या, दोन गाठी. पहिले स्तोत्र वाजवताना उजव्या बुटाखाली एकदम दोन पट्ट्या आल्या. पाय चपळ हलेनात. तो एकेक सूर शोधून, खात्री करून, मग दाबू लागला. खूर, खूर, खूर. खालची मंडळी कधी नव्हे ती त्याच्या बरोबरीने दम घेत होती.

प्रवचन सुरू झाले. विसाव्या मिनिटाला मुंगी आली. तिसाव्या मिनिटाला मुंगीची सगळी सोयरीक आली. त्याने बूट जमिनीवर दाबून पाहिला. रबरातून काही पोचेना. त्याने उजव्या टाचेने डावा बूट ठोकला, हळूच. काही नाही. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला. पाळक विराम घेत होता, आठ आठ अंकांचे, आणि त्या प्रत्येक अंकाला मारीनुसने त्याच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार केला. हात आपोआप नाड्यांकडे गेला. एक गाठ सुटलीही. त्याने ती पुन्हा बांधली, आधीपेक्षा घट्ट.

मग टेबल मांडले गेले. आरशात एकेक टोपी उठू लागली. यॉब्से बसलेला होता, बसलेलाच राहिला. डावीकडच्या तिसऱ्या रांगेत पीटरनेल उठली. बाकाला धरून क्षणभर उभी राहिली, पाय बधिर झाल्यासारखी. एवढ्या लहान आरशात ती बोटभर दिसत होती. बोटभर बाई काळ्या कपड्यात मधल्या वाटेने चालत गेली, टेबलाशी बसली, आणि भाकरीचा तुकडा हातात घेऊन इतका वेळ पाहत राहिली की पाळकाला खाकरावे लागले. मग तिने तो खाल्ला. मारीनुसचा डावा पाय बुटात पेटला होता. ऑर्गन गप्प होता.

शेवटचे स्तोत्र बटाटे दोनदा शिजतील इतके लांबले.

बाहेर पडताना यॉब्से जिन्यापाशी उभा होता. त्याने हात पुढे केला. "कोपेयान, चौतीस वर्षांत आज पहिल्यांदा वाजवलंत. माणसाला देवासमोर वाजवावं तसं. घाई नाही, नखरा नाही. असंच चालू द्या."

चौतीस वर्षांतली ती पहिली शाबासकी होती, आणि ती खुरांना मिळाली होती. मारीनुसने हात हातात घेतला, कारण न घेतला असता तर बोलावे लागले असते.

घरी सूप होते. पीटरनेलने टोपी काढून ठेवली, वाडगे भरले, खाली बसली. स्वर्गाची खूण पटलेल्या बाईच्या चेहऱ्यावर काही वेगळे दिसेल असे वाटले असेल तर तसे काही नव्हते. तिने मिठाची बाटली त्याच्याकडे सरकवली.

"आज बरं वाजवलंस. ते बूट चांगले आहेत. पायही गरम राहतो."

"राहतो."

"खाजला?"

"खाजला."

"डोक्यात आहे ते तुझ्या," ती म्हणाली, आणि चमचा सुपात घातला. "मी आणखी एक जोड विणायला घेतलाय. बुटात बसेल असा."

 टेबलाखाली मारीनुसने नाड्या सोडल्या, बूट काढला, राखाडी मोजा काढला आणि उघडा तळवा टेबलाच्या पायाच्या कडेवर जोरजोरात घासू लागला. सुपाचे वाडगे थोडे हलले. पीटरनेलने आपला वाडगा दुसऱ्या हाताने धरून ठेवला आणि जेवत राहिली.

टेबलाच्या पायातून आवाज निघत नाही, एवढे एक बरे होते.